डाव्या पायाचा वास

किशोरच्या पायाला वास येतो, हे त्याच्या तोंडावर सांगितलं ते हलीमाबीनं. अकोल्याच्या जुन्या शहरात, पिंजाऱ्यांच्या गल्लीत, तिच्या ओट्यावर बूट काढून तो आत गेला, नेहमीच्या जागी बसला, पिशवीतून फॉर्म काढला आणि एकोणिसावा प्रश्न वाचायला तोंड उघडलं. आजारामुळे आपण एकटे पडलो असं तुम्हाला किती वेळा वाटतं, कधीच नाही, कधीकधी, बरेचदा, की नेहमी. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आधीच ती म्हणाली, "सर, बुरा मानू नका. तुमच्या पायाले वास येऊन राह्यला." असं म्हणून तिनं ओढणीचं टोक नाकाशी धरलं, आणि ते लपवण्याचा काही प्रयत्नही केला नाही. किशोर हसला. बूट नवे आहेत, उन्हात चालून मोजे भिजले, असं काहीतरी म्हणाला. "मोज्याचा वास मले मालूम हाय," हलीमाबी म्हणाली. "चार पोट्टे वाढवले मी. हा मोज्याचा नाही."

त्याला संताप आला. एकावन्न वर्षांचा माणूस, बी.एस्सी. बी.एड., अठरा वर्षं विनाअनुदानित शाळेत मुलांना पचनसंस्था शिकवलेला, आणि त्याला एका म्हातारीनं पायाच्या वासावरून बोलावं! पण हा संताप वरवरचा होता, आणि ते त्याला कळत होतं. वास त्याला स्वतःला गेले कित्येक दिवस येत होता. बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीत बसल्यावर समोरचा माणूस खिडकीकडे तोंड करायचा तेव्हा यायचा. संध्याकाळी घरी मोरीत पायावर पाणी घेताना यायचा. गोडसर, शिळा, फ्रीज आठ दिवस बंद राहिल्यावर दार उघडताच येतो तसा. पहिले काही दिवस त्यानं तो बुटाच्या नावावर ढकलला, मग गाडीतल्या संडासाच्या, मग अकोल्यातल्या नाल्यांच्या. आणि प्रत्येक ढकलण्यागणिक त्याला स्वतःची किळस येत गेली, कारण ही सगळी कारणं तो लोकांकडून रोज ऐकत होता, फॉर्मवर लिहून घेत होता, आणि मनातल्या मनात त्यांना मूर्ख म्हणत होता.

काम म्हणजे हे असं. बाहेरच्या एका संस्थेला अकोल्याच्या चार वॉर्डांतली सहाशे घरं हवी होती. कोणाला साखरेचा आजार आहे, कोणाच्या घरात ताण किती, झोप कशी, शेजारपाजारी बोलतात का, सुनेचं सासूशी पटतं का, नोकरी गेली का, आणि या सगळ्याचा बोटातून निघालेल्या थेंबाशी काय संबंध. बासष्ट प्रश्न आणि एक थेंब, आणि प्रत्येक घरी तीन-चार फेऱ्या. शाळा बंद पडल्यापासून किशोरनं मतदारयाद्या केल्या, संडासांची मोजणी केली, एकदा भटकी कुत्रीसुद्धा मोजली. त्यामानानं साखर बरी, असं त्याला सुरुवातीला वाटलं होतं. त्याची स्वतःची साखर नऊ वर्षांची. ती त्यानं इथं कोणालाच सांगितलेली नव्हती. वरचा साहेब धर्मेंद्र, वयानं त्याच्या विद्यार्थ्याएवढा, पहिल्याच दिवशी म्हणाला होता की सर, तुमच्या तब्येतीचं काही असेल तर लोकांना बोलायचं नाही, उत्तरं बिघडतात. किशोरला हे फार सोयीचं वाटलं. लपवायला आता वरून परवानगीच मिळाली होती.

अमरावतीच्या एका हॉटेलात तीन दिवस प्रशिक्षण झालं. साखरेच्या आजारावरचं ते प्रशिक्षण, आणि दुपारच्या जेवणात मठ्ठा, जिलबी, वर दोन-दोन गुलाबजाम. चाळीस माणसं पाकात बुडालेल्या बोटांनी फॉर्म भरत होती आणि कागदांना कागद चिकटत होते. प्रत्येकानं सरावासाठी स्वतःचाच फॉर्म भरायचा होता. किशोरनं झरझर भरला. आजार नाही. ताण कधीच नाही. झोप उत्तम. मन मोकळं करायला घरात माणूस आहे का, नेहमी. शिकवणाऱ्या बाईंनी तो कागद हातात घेतला, सगळ्यांना उंच धरून दाखवला आणि म्हणाल्या, फॉर्म असा भरला पाहिजे, एकही रकाना रिकामा नाही, उत्तरात कुठं विसंगती नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या. किशोरनं मान झुकवून त्या घेतल्या. जिलबीचा आंबूस पाक घशाशी आला होता, तो त्यानं परत गिळला.

मग सुरू झाले चहा. चहाला कंटाळलेला माणूस त्यानं तोवर पाहिला नव्हता, आता आरशात पाहायला मिळाला. वऱ्हाडात कोणाच्या दारात जाऊन चहा नको म्हणायचं म्हणजे त्या घराच्या तोंडावर काहीतरी फेकून मारायचं. आणि बिनसाखरेचा मागायचा म्हणजे आपला आजार उघडा करायचा. पहिल्याच आठवड्यात, हलीमाबीच्याच घरी, त्यानं सरळ नको म्हणून पाहिलं होतं. मी चहा घेत नाही, म्हणाला होता. तिची नात हीना ट्रे घेऊन दारातच थांबली. हलीमाबीनं एकदा ट्रेकडे पाहिलं, एकदा त्याच्या कपाळावरच्या टिळ्याकडे, आणि अगदी शांतपणे विचारलं, "आमच्या घरचा चालत नाही का?" किशोरचे कान तापले. नाही हो, तसं नाही, म्हणत त्यानं कप उचलला आणि एका दमात संपवला. वरची साय ओठाला चिकटली. त्या दिवसापासून त्यानं कोणत्याही दारात नको म्हटलं नाही. मुसलमानाच्या घरी नको म्हटलं तर एक अर्थ निघतो, बौद्धाच्या घरी म्हटलं तर दुसरा, पाटलाच्या घरी म्हटलं तर माजला म्हणतात. दिवसाला आठ, कधी दहा कप. दुपारपर्यंत दातांवर साखरेचा थर बसायचा आणि जीभ त्यावरून फिरताना त्याला शिसारी यायची. लोकांच्या बोटाला टोचून तो त्यांना सांगायचा, ताई, साखर बंद करा. आणि ताई आतून ओरडायची, "अवं, सरच्या चहात दोन चमचे जास्त टाक, उन्हातून आले."

लोक खोटं बोलतात याचीही त्याला किळस होती. कौलखेडकडे एक मनकर्णाबाई होती. थेंब घ्यायला माणूस येणार म्हणून तिला दोन दिवस आधी निरोप गेला, तर बाईनं दोन्ही दिवस कारल्याचा रस आणि मेथीचं पाणी यांच्यावर काढले. जणू दहावीचा पेपर होता. आकडा निघाला अठ्ठ्याण्णव. बाईनं तो गल्लीभर सांगितला, मुलाला पिटाळून पेढे आणवले, पहिला किशोरच्या तोंडात कोंबला आणि दुसरा स्वतःच्या. असे पास झालेले निम्मे होते. दुसरीकडे एक गृहस्थ टेन्शन, टेन्शन कायचं, म्हणत मांडी हलवत होते, आणि त्यांची बायको दाराच्या चौकटीत फरशीकडे पाहत उभी होती. कुणाची इन्शुलिनची सुई फ्रीजमध्ये अंड्यांच्या कप्प्यात, पेपरात गुंडाळलेली, कारण पोरीला पाहायला पाहुणे येणार होते आणि आईला साखर म्हटलं की ती पोरीला आलीच समजतात. कुणाची फाइल तांदळाच्या डब्यात. आईला प्रश्न विचारला की मुलगा उत्तर देतो, मुलाला विचारला की आई. किशोर सगळ्यांचे रकाने भरायचा, कधीच नाही, कधीच नाही, कधीकधी. हे शहर रोज सकाळी एकमेकांना गोड पाजतं, एकमेकांपासून लपवतं, आणि रात्री एकेकटं जागं राहून पाणी पितं, असं त्याला वाटायचं. या सगळ्याला फॉर्मवर जागा नव्हती. असती तर त्यानं तीही खोटीच भरली असती.

आणि मग बुटातली सुई. लोकांच्या बोटाला टोचायच्या वापरलेल्या सुया टाकायचा डबा फुटला होता, म्हणून त्या दिवशी त्यानं त्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात टाकल्या. कोणत्या तरी ओट्यावर पिशवी बुटाशेजारी ठेवली असेल. त्यातली एक डाव्या बुटात पडली, आणि तो बूट घालून किशोर दिवसभर चालला. अकरा घरं, दोन जिने, स्टेशन. बडनेऱ्याला उतरून बाकावर बसला, मोजा तांबूस का दिसतोय म्हणून बूट काढला, तर निळ्या टोपणाचा, सुईसकट एवढासा तुकडा अंगठ्याच्या तळाशी रुतून बसलेला. त्यानं तो नखानं उपटला. रक्त आलं. दुखलं नाही; साखरेनं पाय केव्हाच बधिर केला होता. दुखलं असतं तर बरं, असं त्याला बाकावर बसल्या बसल्या वाटलं. दुसऱ्याचा पाय हातात धरल्यासारखा तो आपला पाय धरून बसला होता. कोणाच्या बोटातली सुई ती, कोणाचं रक्त, तेही कळायला मार्ग नव्हता. घरी जाऊन त्यानं डेटॉल लावलं, पट्टी चिकटवली, मोजा स्वतःच धुतला आणि गच्चीवर टाकीच्या मागे वाळत घातला. साधनाला काही बोलला नाही. तिनंही विचारलं नाही. साधना फार विचारणारी बाई नव्हती, आणि त्या दिवसांत त्याला तिचा हा गुण फार आवडू लागला होता.

का बोलला नाही, हे त्याला कोणी फॉर्मवर विचारलं असतं तर त्यानं माहीत नाही असं लिहिलं असतं. पण माहीत होतं. त्याचे वडील नत्थुजी, नांदगाव खंडेश्वरचे. काळ्या जमिनीत पन्नास वर्षं अनवाणी चालले, भेगाळलेल्या टाचांत कापसाच्या पऱ्हाटीची धसकटं मोडून राहायची तरी खाली पाहत नसत. त्यांच्या पायाला असंच काहीतरी झालं आणि महिनाभर ते काटा लागला, काटा लागला, म्हणत राहिले. मग किशोर त्यांना अमरावतीला घेऊन आला. गुडघ्याखालून पाय गेला. मागच्या खोलीत वर्षभर ते खाटेवर होते, आणि कापूनही जखम बसेना. साधना तेव्हा नवीन सून. ती रोज सकाळी कोमट पाण्याचं घमेलं घेऊन आत जायची. किशोर शाळेत निघण्याआधी दारात उभा राहून बाबा, कसं आहे, विचारायचा. एके दिवशी त्यानं नकळत रुमाल नाकाला लावला. एक क्षणभरच. नत्थुजींनी तो पाहिला. फक्त म्हणाले, "तू जाय बापा शाळेत." त्यानंतर चार महिने त्यांनी त्याला खोलीत येऊ दिलं नाही. तो आला की भिंतीकडे तोंड करायचे. गेले तेही भिंतीकडे तोंड करूनच. बापाच्या डोळ्यांत त्या क्षणी जे दिसलं ते किशोरनं कोणालाही सांगितलेलं नव्हतं. आता आपल्या खोलीच्या दारात कोणीतरी तसं येऊन उभं राहील, मुलगा, सून, बायको, कोणीही, आणि हात नाकाकडे जाईल. पाय गेला तरी चालेल, पण तो हात वर गेलेला बघायचा नाही. इतकं साधं होतं हे, आणि इतकं लाजिरवाणं की त्यानं ते स्वतःलाही धडपणे सांगितलं नव्हतं.

आणि इथं तो हात सरळ वर गेला होता. हलीमाबीनं ओढणी नाकाशी धरली होती आणि ती त्याच्याकडे बघत होती, आणि आभाळ काही कोसळलं नव्हतं. "दाखवा," ती म्हणाली. घरी जाऊन बघतो, डॉक्टरांना दाखवणारच आहे, फॉर्म पुरा करू, किशोर म्हणाला. "फारम गेला चुलीत. दाखवा." त्यानं पाय मांडीखाली ओढला. त्याबरोबर तिचा आवाज चढला, "आमच्या मियाँनं बी असाच पाय दडवला होता! मी म्हणो, काहीतरी सडून राह्यलं. ते म्हणत, रुई भिजली, तिचा वास. रुईचंच घर आमचं, मी मानलं." तिनं ओढणी नाकावरून खाली घेतली. "मले मानाचंच होतं, म्हणून मानलं. उठून पाहाची हिंमत नोती." तिच्या गेलेल्या नवऱ्याचा, अब्दुल सत्तारचा, गाद्यांचा कापूस पिंजायचा धनुकला भिंतीवर अजून टांगलेला होता. मुलगा शाहनवाज आता मशीनवर काम करत होता, बाहेरच्या खोलीतून मशीनचा घरघर आवाज येत होता आणि कापसाची बारीक धूळ उन्हात तरंगत होती. "हीना, पानी आन," हलीमाबी म्हणाली.

मोजा निघेना. तो चिकटला होता. हीनानं तांब्यातलं पाणी थोडं थोडं ओतलं, आणि हलीमाबीनं मोजा बोटांच्या चिमटीत धरून सोलत आणला. किशोर भिंतीकडे पाहत होता. मग लक्षात आलं की आपणही भिंतीकडेच तोंड केलंय, आणि त्यानं मान वळवून खाली बघितलं. गेले कित्येक दिवस तो मोरीत अंधारात पाय धूत होता, बोटांनी चाचपून पट्टी लावत होता, डोळ्यांनी पाहत नव्हता. अंगठा काळानिळा, सुजलेला. तळाशी भोक होतं, त्याच्या कडा पांढऱ्याफटक, भिजलेल्या भाकरीसारख्या, आणि आत काहीतरी ओलं, राखाडी. वरची कातडी मोज्याबरोबर निघून आली होती आणि त्याला साधी चुणूकसुद्धा लागली नव्हती. हे आपलं आहे हे त्याला पटेना. सकाळपासूनचे सहा चहा एकदम वर आले. त्यानं तोंड घट्ट मिटलं. "छी," हलीमाबी म्हणाली, अगदी मनापासून. तोंड फिरवलं, "या अल्ला," म्हणाली, आणि मग परत वळून पहिल्यापेक्षा जवळ सरकून बसली. त्या 'छी'नं किशोरला बरं वाटलं. इतक्या दिवसांत त्याच्या पायाबद्दल कोणी बोललेला तो पहिला खरा शब्द होता, आणि बोलणारी उठून गेली नव्हती.

"घरी मालूम हाय?" तिनं विचारलं. त्यानं नकारार्थी मान हलवली. "घरवालीले फोन लावा. माह्यासमोर." तो उद्या बोलतो म्हणाला, तिनं पुन्हा तेच म्हटलं. त्यानं लावला. साधना, जरा पायाला लागलंय, फार काही नाही, आज लवकर येतो, दवाखान्यात जाऊन येऊ, असं तो म्हणाला, शाळेत इन्स्पेक्टरसमोर बोलायचा त्या आवाजात. पलीकडून कुठला पाय, काय झालं, कसं लागलं, यांपैकी एकही प्रश्न आला नाही. मग साधना म्हणाली, "या. मी बडनेऱ्याले स्टेशनवरच असीन." हलीमाबीनं एक जुनी, स्वच्छ, मऊ ओढणी फाडून पायाला गुंडाळली. पाय बुटात जाईना, तेव्हा शाहनवाजची चप्पल दिली. निघताना ती म्हणाली, "चाय नाही देत आज. तुमाले बी हाय ना साखर?" किशोर हो म्हणाला. इतकं सोपं होतं ते. "पागल हो तुम," हलीमाबी म्हणाली, आणि हीनाला रिक्षा बघायला पाठवलं.

दुपारच्या गाडीत दाराजवळ उभा राहून त्यानं मूर्तिजापूर जाऊ दिलं. काळी शेतं, मधेच एखादी हिरवी पट्टी, फाटकाशी उभ्या मोटारसायकली. डब्यात सोनपापडी विकणारा ओरडत फिरत होता. आता साधनाला पाय दिसेल. ती काय करेल याची त्यानं नाना चित्रं रंगवली. रडेल. इतके दिवस सांगितलं नाही म्हणून चिडेल. मग, बाबांचा पाय जसा धुतला तसा, काही न बोलता घमेलं घेऊन बसेल. हे शेवटचं चित्र त्याला पटलं. साधना तशीच होती. बाबांच्या खोलीत वर्षभर तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नव्हती. गावच्या बाया म्हणत, लेकानं केलं नाही ते सुनेनं केलं. तिला कशाची किळसच येत नाही, असं तो नेहमी धरून चालला होता, आणि त्यावरच तर सगळं घर इतकी वर्षं उभं होतं. मूर्तिजापूरच्या पुढं त्याला भीतीऐवजी जरा हुशारी वाटू लागली. उगाच लपवलं. साधना होती की.

ती फलाटावर होती. हातात कापडी पिशवी, पिशवीत त्याची फाइल, नऊ वर्षांचे सगळे कागद तारखेवार लावलेले. पायातल्या परक्या चपलेकडे, ओढणीच्या फडक्याकडे तिनं एकदा पाहिलं आणि ऑटोवाल्याला अमरावतीचं राजापेठ सांगितलं. डॉक्टरांचा नंबर तिनं आधीच लावून ठेवला होता. ऑटोत ती कडेला, अंग चोरून बसली, तोंड बाहेर करून. वारा घेत असेल, असं त्याला वाटलं. दवाखान्यात त्यांना लगेच आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, मास्क लावलेल्या. फडकं सोडून त्यांनी दिवा खाली ओढला, चिमट्यानं जखमेची कड उचलली, एक बारीक सळई आत घातली. ती किती आत गेली हे किशोरनं डोळ्यांनी पाहिलं, म्हणून त्याला कळलं. "किती दिवस झाले?" बाईंनी विचारलं.

"पाच-सहा," किशोर म्हणाला.

"बावीस," साधना म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली ती तिच्याकडे. किशोरनंही. साधना टेबलापासून दूर, भिंतीला टेकून उभी होती, पिशवी पोटाशी धरून. "त्या मंगळवारी यायनं आपले मोजे आपणच धुतले," ती किशोरकडे हनुवटीनं दाखवत म्हणाली. "लग्नाले सव्वीस वर्षं झाली, कधी रुमाल धुतला नाही. मी गच्चीवर जाऊन पाह्यलं. रोज पाहत होती." मग आधी का आणलं नाही त्यांना, बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता, पण प्रश्न सरळ होता, आणि त्याला चार रकाने नव्हते. साधना किशोरकडे न पाहता, बाईंना सांगितल्यासारखं म्हणाली, "मले किळस आली. सासऱ्याचा पाय मी वरीसभर धुतला, तवा नाही आली. तवा मी नवी होती, मले वाटलं हे एकदा केलं का सुटली. आता हे पुन्हा. यायच्या पायाचं. मोज्याचा वास घेतला आन् मले वकारी झाली. आपल्या माणसाची अशी किळस येते म्हणून मंग लाज वाटली. सांगू कोणाले? म्हटलं, आज सांगतीन, उद्या सांगतीन. रोज वाटे, यायनं आपणच सांगाव." शेवटी ती एवढंच म्हणाली, "मीच जाऊ देला यायचा पाय."

अंगठा जाणार हे नक्की, डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पुढचं उघडल्यावर कळेल, उद्या सकाळी घेऊ, आता फक्त साफ करते. पाय कोणीतरी धरा, हलू देऊ नका. नर्स बाहेर गेली होती. किशोरला काहीतरी बोलायचं होतं. बाप आठवत होता, रुमाल आठवत होता, आणि त्या दारात आपण उभे होतो तेव्हा आत घमेल्याशी बसलेल्या बाईला काय होत असेल हे सव्वीस वर्षांत एकदाही मनात आलं नाही, याची जी शिसारी आली ती पायाच्या शिसारीहून मोठी होती. त्यानं एवढंच विचारलं, "अजून येते?"

"येते," साधना म्हणाली. तिनं पिशवी खुर्चीवर ठेवली, पदर नाकातोंडावरून घट्ट गुंडाळून मागे खोचला, टेबलाशी आली आणि त्याची टाच दोन्ही हातांनी धरली. किशोर पाहत राहिला. तिनं धरलेलं त्याला दिसत होतं, बोटं रुतलेली दिसत होती, लागत मात्र काहीच नव्हतं.